ताऱ्यांचे आकडे आणि ताऱ्यांची चित्रे

नांदेड जिल्हा आणि आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. त्या राज्याच्या राजधानीत, बाहेरच्या फारशा कोणास कळू न देता, आकाशाचे एक मोठे काम कित्येक वर्षे चालले होते. नवाब जफर जंग ह्यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ मध्ये सरकारच्या ताब्यात आली व पुढे बेगमपेठ येथे गेली. तेथे आठ इंची दुर्बिणीने आकाशाच्या एका नेमून दिलेल्या पट्ट्याची छायाचित्रे काचेवर घेण्यात आली. पॅरिस येथे १८८७ साली भरलेल्या ज्योतिषांच्या परिषदेत सर्व आकाशाची तारकासूची करावयाचे ठरले व निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतले. त्या वाटणीत खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांमधला पट्टा शेवटी हैदराबादच्या वाट्यास आला.

ह्या कामाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. रात्री काचेवर चित्र उमटे. दुसऱ्या दिवशी ती काच धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवीत. मग मोजणी करणारा मनुष्य एकेका काळ्या ठिपक्यापाशी थांबून त्याची जागा मोजी, त्याच्या आकारावरून ताऱ्याच्या तेजाचा अंदाज करी आणि आकडा वहीत लिही. अशा लक्षावधी ठिपक्यांचे आकडे झाले, तेव्हा ती सूची छापली गेली. म्हणजे आधी चित्र आणि मागाहून आकडे, असा तो क्रम होता.

आज हा क्रम नेमका उलटा झाला आहे. वेधशाळेतील कॅमेरा चित्र काढीतच नाही; तो आकडेच लिहितो. चित्र पाहावयाचे असेल तर ते त्या आकड्यांतून माणसाला घडवावे लागते. हे घडविण्याचे काम कसे होते आणि त्यात कोठे फसगत होते, हे ठाऊक नसेल तर सुंदर चित्र हाती असूनही ताऱ्याविषयीचे ज्ञान चुकीचे ठरते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्या दोघांनी १९६९ साली ‘सीसीडी’ ह्या साधनाची कल्पना मांडली. सिलिकनच्या एका पातळ तुकड्यावर बारीक बारीक चौकटींची जाळी आखलेली असते. ह्या प्रत्येक चौकटीस पिक्सेल म्हणतात. ताऱ्याचा प्रकाश चौकटीवर पडला की तेथे इलेक्ट्रॉन सुटतात व साठून राहतात. ठराविक सेकंद झाले की झाकण मिटते आणि प्रत्येक चौकटीत किती साठा झाला, त्याच्या प्रमाणात एक आकडा मांडला जातो. ह्या यंत्राचा मोठा गुण असा की, प्रकाश दुप्पट तर आकडाही दुप्पट. काचेवरील रासायनिक लेपाला हा प्रामाणिकपणा कधीच साधला नव्हता. तेथे दुप्पट प्रकाशाने ठिपका दुप्पट काळा होत नसे. ताऱ्याचे तेज मोजण्याच्या शास्त्राला, म्हणजे प्रकाशमापनाला, ह्या एका गुणामुळे नवे आयुष्य लाभले.

हे आकडे ज्या फाईलीत साठवितात तिला ‘फिट्स’ म्हणतात. ह्या पद्धतीचे वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने ती मान्य केली. फाईलीच्या आरंभी साध्या अक्षरांत लिहिलेले एक टाचण असते. वेध कोणत्या दिवशी व किती वाजता घेतला, झाकण किती सेकंद उघडे होते, समोर कोणत्या रंगाची काच होती, ते सारे त्यात एकाखाली एक ओळीने नमूद असते. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची. संगणकाला भोके पाडलेली पत्रे चारावी लागत, त्या काळी एका पत्रावर ८० अक्षरे मावत; पत्रे गेली, पण ८० हा आकडा राहिला. टाचण संपले की पुढे सर्व आकडेच आकडे. लडाखमधील हान्ले येथे मुंबईची आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था ह्यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली सत्तर सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण घेतली, तर तिच्या कॅमेऱ्याच्या एका वेधात सुमारे १ कोटी ६८ लक्ष आकडे असतात. कोणत्याही घरातील संगणकावर अशी फाईल नेहमीच्या चित्राप्रमाणे उघडू पाहिली, तर बहुधा ती उघडतच नाही. आणि उघडली तर काळाकुट्ट पडदा दिसतो. नवशिक्याला वाटते, कॅमेरा बिघडला.

कॅमेरा बिघडलेला नसतो. त्या काळ्या पडद्यात तारे असतात. ते दिसत नाहीत एवढेच. मात्र ते दिसावयास लावण्यापूर्वी एक काम उरकावे लागते.

लातूरच्या आडत बाजारात तुरीचे पोते काट्यावर चढते तेव्हा काटा जो आकडा दाखवितो तो तुरीचा नसतो. त्यात पोत्याचे बारदान असते आणि काट्यात पासंग असेल तर तोही असतो. ते वजा केल्याशिवाय कोणताही शेतकरी किंवा आडत्या हिशेब मान्य करणार नाही. कॅमेऱ्याच्या आकड्यांतही असेच पासंग आणि बारदान असते. झाकण मुळीच न उघडता, शून्य सेकंदांचा वेध घेतला तरी प्रत्येक चौकटीत काहीशे अंक उमटतात. तो यंत्राचा पासंग. झाकण मिटून एक मिनिट वाट पाहिली तर नुसत्या उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटतात; ते बारदान. उन्हाळ्याच्या रात्री हे बारदान वाढते, म्हणूनच वेधशाळेतील कॅमेरे शून्याखाली कित्येक अंश थंड ठेवतात. ह्या दोहोंचे स्वतंत्र वेध घेऊन ते ताऱ्याच्या वेधातून वजा करावयाचे असतात.

तिसरी गोष्ट मापाड्याची. एक मापाडी माप शिगोशीग भरतो, दुसरा हात आखडता घेतो. कॅमेऱ्याच्या सर्व चौकटीही सारख्या हाताच्या नसतात. शिवाय भिंगावर धूळ असते आणि कडेला प्रकाश कमी पोचतो. ह्यासाठी संध्याकाळच्या एकसारख्या उजेडलेल्या आकाशाचे, किंवा उजेड पाडलेल्या पांढऱ्या पडद्याचे वेध घेतात. सर्वत्र सारखाच प्रकाश असता कोणत्या चौकटीने किती नोंद केली, हे त्यावरून समजते. ताऱ्याच्या आकड्यांना ह्या प्रमाणाने भागले की सर्व मापाडी एका हाताचे होतात. ह्या वजाबाक्या व भागाकार प्रत्येक चौकटीसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या कॅमेऱ्यात दर वेधास १ कोटी ६८ लक्ष वेळा व्हावयाचे असतात. हे काम संगणकाचे, माणसाचे नव्हे.

आता चित्राकडे वळावयास हरकत नाही. फिट्स फाईलीतील आकडा सामान्यतः ० ते ६५,५३५ ह्यांपैकी कोणताही असू शकतो. पण घरच्या पडद्यावरील साध्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटाच असतात. पासष्ट हजारांना दोनशे छप्पन्न खणांत बसवावयाचे, हा सगळा प्रश्न आहे. सरळ भागाकार केला तर २५६ अंकांस एक छटा मिळते. समजा, रिकाम्या आकाशाचा आकडा १,००० आहे आणि एका मंद ताऱ्याचा १,१००. पहिल्याला तिसरी छटा मिळाली आणि दुसऱ्याला चौथी, तर दोन्ही डोळ्यांना काळ्याच. काळ्या पडद्याचे रहस्य हेच. ह्याऐवजी ९०० पर्यंत सर्व काळे व ३,००० च्या पुढे सर्व पांढरे असे ठरविले, तर सुमारे आठ अंकांस एक छटा पडते. आकाश व मंद तारा ह्यांत बारा छटांचे अंतर पडून तारा लख्ख दिसू लागतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ३,१०० चा तारा आणि ६०,००० चा तारा दोन्ही सारखेच पांढरे होतात.

ह्यातून वाट काढावयाची तर डोळ्याचाच मार्ग धरावा लागतो. मनुष्याचा डोळा प्रकाशाची बेरीज करीत नाही, पटी ओळखतो. प्राचीनांनी ताऱ्यांच्या पहिल्या ते सहाव्या अशा प्रती लावल्या त्या ह्याच डोळ्याने. प्रत जितकी मोठी तितका तारा मंद. नॉर्मन पॉगसन ह्या इंग्रज ज्योतिषाने १८५६ साली त्याला गणिताची चौकट दिली. पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात बरोबर शंभर पट, आणि म्हणून एका प्रतीचे अंतर सुमारे २.५१२ पट. हेच पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या चिंतामणी रघुनाथाचार्य ह्यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातील एका ताऱ्याचे तेज बदलते हे प्रथम ओळखले. प्रकाशमापनाचा हा धागा दक्षिण हिंदुस्थानातून गेलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

तर पटींच्या हिशेबाने, म्हणजे लॉगॅरिथमने, छटा वाटल्या की मंद व तेजस्वी दोन्ही तारे एका चित्रात नांदू शकतात. त्याहून सोयीची एक रीत रॉबर्ट लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात व्यस्त हायपरबोलिक साइनचा उपयोग होतो. मंद आकड्यांशी ती सरळ भागाकारासारखी वागते आणि मोठ्या आकड्यांशी लॉगॅरिथमसारखी. लॉगॅरिथमला शून्य व ऋण आकडे चालत नाहीत. आणि बारदान वजा केल्यावर रिकाम्या आकाशात असे ऋण आकडे हटकून येतात. नव्या रीतीस त्यांची अडचण होत नाही.

एवढे कळल्यावर संगणकास द्यावयाची आज्ञा अगदी थोडक्यात सांगता येते. ज्योतिषांनी परस्परांच्या उपयोगासाठी तयार केलेला ‘ॲस्ट्रोपाय’ नावाचा मोफत आज्ञावलींचा संच आहे. त्यात ‘फिट्स-टू-बिटमॅप’ ह्या नावाची एक आज्ञा मिळते. काळ्या पडद्यावर एका ओळीत प्रथम आज्ञेचे नाव टंकावयाचे. मग छटा कोणत्या रीतीने वाटावयाच्या ते, सरळ, वर्गमुळाने, लॉगॅरिथमने की वरील नव्या रीतीने. मग काळ्याची व पांढऱ्याची मर्यादा. आणि शेवटी फाईलीचे नाव. कळ दाबली की क्षणभरात चित्र तयार. एमान्युएल बर्तँ ह्यांचा ‘स्टिफ’ आणि सर्वत्र आढळणारा ‘इमेजमॅजिक’ हे प्रोग्रॅमही असेच ओळीने चालतात. घरच्या कॅमेऱ्याची कच्ची फाईल उघडावयास डेव्ह कॉफिन ह्यांनी १९९७ मध्ये लिहावयास घेतलेला ‘डीसीरॉ’ कामी येतो. ह्यांस महागडा संगणक लागत नाही, आणि मोल तर मुळीच पडत नाही.

बोटाने चित्रावर टिचकी मारून काम होत असता ही ओळ टंकण्याची यातायात कशाला, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर एका उदाहरणाने द्यावे हे बरे.

ययाति तारकासमूहात अल्गूल नावाचा तारा आहे. डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो मराठवाड्यातून पाहता डोक्यावरून थोडासा उत्तरेस असतो. ह्या ताऱ्याची प्रत एरवी २.१ असते, पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती ३.४ पर्यंत उतरते व काही तासांत पूर्ववत होते. जॉन गुडरिक ह्या अठरा वर्षांच्या बहिऱ्या तरुणाने इंग्लंडात १७८२-८३ मध्ये नुसत्या डोळ्यांनी हा नियम शोधून काढला. त्याने सुचविले की कोणतेतरी अंधारे पिंड त्या ताऱ्यापुढून जात असावे. अल्गूल वस्तुतः परस्परांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी आहे आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्यास झाकतो, हे पुढे सिद्ध झाले. मराठीत अशा ताऱ्यांस रूपविकारी म्हणतात. शब्द मोठा नामी आहे.

समजा, नांदेडचा एक विद्यार्थी आणि लातूरची एक विद्यार्थिनी ह्यांनी अल्गूलचे एकच ग्रहण आपापल्या गच्चीवरून टिपले. दोघांचे कॅमेरे सारखेच, साधे, तिकाटण्यावर बसविलेले. दोघांनी पाच तासांत दर मिनिटास एक असे ३०० वेध घेतले. ताऱ्याचा प्रकाश एकाच चौकटीत कोंडून ती तुडुंब भरू नये म्हणून दोघांनी भिंग किंचित अस्पष्ट ठेवले होते. येथपर्यंत दोघांचे सारखेच.

विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी चित्र दाखविणारा एक प्रोग्रॅम उघडला, अल्गूलभोवतीचा लहानसा चौकोन कापून घेतला आणि ‘आपोआप उजळ कर’ ह्या खुणेवर टिचकी मारली. चित्र सुरेख झाले. त्याने ते तीनशे वेळा केले, संध्याकाळ झाली. मग सर्व चित्रे ओळीने पाहिली, तो अल्गूल आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच पांढराशुभ्र! ग्रहण झालेच नव्हते असे वाटावे. चूक त्याची नव्हती, आणि ताऱ्याची तर नव्हतीच. प्रोग्रॅमने प्रत्येक चौकोनातील सर्वांत मोठा आकडा पाहिला व तो पांढरा धरला. अल्गूल तिसऱ्या हिश्श्यावर आला तेव्हा पांढऱ्याची मर्यादाही तिसऱ्या हिश्श्यावर आली. जे मोजावयाचे होते तेच प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी पुसून टाकले, आणि तेही मदत करण्याच्या हेतूने.

विद्यार्थिनीने एकच ओळ टंकली. तिचा अर्थ असा, की ह्या कप्प्यातील प्रत्येक फाईल घे. काळ्याची मर्यादा अमुक, पांढऱ्याची अमुक. दोन्ही सर्वांस सारख्या. चित्रे दुसऱ्या कप्प्यात ठेव. ती चहा करून परत आली तोवर तीनशे चित्रे तयार होती. ती भराभर एकामागून एक पाहिली तर मधोमध एक तारा हळूहळू मावळताना दिसतो आणि आसपासचे तारे मात्र जसेच्या तसे. शिवाय ती ओळ तिच्या वहीत लिहिलेली आहे. वर्षभराने कोणी विचारले की चित्र कसे केलेस, तर ती ओळ दाखविता येते, आणि विचारणारा आपल्या घरी तीच ओळ टंकून तेच चित्र काढू शकतो. टिचक्यांची अशी नोंद सहसा राहत नाही.

पण विद्यार्थिनीसही पुढे एक खड्डा आहे, आणि तो अधिक फसवा. चित्रे इतकी चांगली झाली, तेव्हा ताऱ्याचे तेज त्या चित्रांवरूनच का मोजू नये? अल्गूलची घट १.३ प्रतींची, म्हणजे तेज ३.३ पटींनी कमी. मूळ फाईलीत ताऱ्याच्या सर्व चौकटींची बेरीज आरंभी ९,००० असेल, तर ग्रहणाच्या मध्यास ती सुमारे २,७०० भरेल. आणि देवयानीतील दुसऱ्या प्रतीचा शेजारचा गॅमा तारा दोन्ही वेळी सारखाच राहील. परंतु कॅमेऱ्यातून निघणारी नेहमीची जेपेग चित्रे डोळ्यास बरी दिसावीत म्हणून आकड्यांचा सुमारे २.२ वा मूळ घेऊन तयार होतात. त्यांत ३.३ पटींचा फरक १.७ पटींवर येतो. त्यावरून हिशेब केला तर घट १.३ ऐवजी ०.६ प्रतीची निघते, निम्म्याहूनही कमी. मग मंद तारा तेजस्वी ताऱ्याचा केवढा भाग झाकतो, तो किती मोठा आहे, ही पुढची सारी अनुमाने कोसळतात. चित्र खोटे नसते. ते पाहण्यासाठी असते, आणि मोजमाप त्याच्याकडे मागू नये.

म्हणून घरच्या कॅमेऱ्याने प्रकाशमापन करणाऱ्याने कॅमेरा कच्च्या फाईलीवर लावावा, आणि ‘डीसीरॉ’ला छटा न वाटता आकडे आहेत तसे काढून देण्याची खूण द्यावी. अशा कॅमेऱ्यात प्रत्येक चौकटीवर तांबडी, हिरवी किंवा निळी काच असते. दर चार चौकटींत दोन हिरव्या. तेजाच्या मापनासाठी हिरव्याच घेतात. कारण ज्योतिषी ज्या पिवळसर-हिरव्या प्रकाशात दृश्य प्रती मोजतात, त्याच्या त्या सर्वांत जवळ येतात.

आणखी दोन विघ्ने सांगण्याजोगी आहेत. ती ठाऊक नसल्याने कित्येक रात्री फुकट जातात. फिट्स फाईल आकडे खालच्या ओळीपासून वर लिहिते, तर नेहमीची चित्रे वरून खाली. प्रोग्रॅमने हे ध्यानात घेतले नाही तर आकाश उलटे उतरते आणि नकाशाशी ताडून पाहणारा भलत्याच ताऱ्यास अल्गूल समजतो. दुसरे विघ्न चमत्कारिक आहे. फिट्समध्ये सोळा अंशांचे आकडे ऋण व धन असे दोन्ही धरले जातात. म्हणून ० ते ६५,५३५ हे आकडे साठविताना प्रत्येकातून ३२,७६८ वजा करतात आणि टाचणात तशी नोंद ठेवतात. एखादा अर्धवट प्रोग्रॅम टाचण न वाचता आकडे उचलतो. मग काळे आकाश करडे दिसते आणि तेजस्वी ताऱ्याच्या मधोमध काळे भोक पडते. ते भोक पाहून कृष्णविवर सापडल्याचा आनंद करण्यापूर्वी टाचण वाचावे. एका साध्या आज्ञेने ते पडद्यावर येते. वाचावयास अर्धा मिनिट लागतो.

हे सारे छंदिष्टांचे खेळ आहेत, असा समज होऊ नये. नांदेडहून फार दूर नाही अशा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशी वेधशाळा लहर आल्याचे सांगते; पण ती कोणत्या आकाशगंगेतून आली हे नेमके दाखविण्यास प्रकाशाचा कॅमेराच लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटे झाली असता, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर अमेरिकेतील दोन वेधशाळांत उमटली. सुमारे अकरा तासांनी चिली देशातील एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेला वेध जुन्या वेधाशी ताडून पाहता एका आकाशगंगेत पूर्वी नसलेला एक ठिपका सापडला. तो ठिपका झपाट्याने मंदावत होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो किती मंदावला, निळा होता तो तांबडा कधी झाला, ह्या आकड्यांवरूनच सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा मिलनात घडतात ह्या मताला मोठे बळ मिळाले. त्या रात्री कोणी प्रत्येक चित्र आपोआप उजळून पाहत बसला असता, तर मंदावणे त्याच्या हाती लागले नसते.

हिंगोली, परभणी, नांदेड व लातूर हे चारही जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९९४ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचे लातूर येथे उपकेंद्रही आहे. औंढ्याची वेधशाळा चालू होईल तेव्हा तिच्या आसपासच्या गावांतील तरुणांनी तेथे पहारेकरी व वाहनचालक म्हणूनच जावे, की आकडे वाचणारे म्हणूनही जावे, हा प्रश्न इमारत पुरी होण्याची वाट पाहत थांबणारा नाही. दुर्बीण नसल्याची सबब आता चालत नाही. अमेरिकेच्या स्लोन सर्वेक्षणासारख्या मोठ्या आकाशपाहण्यांच्या फिट्स फाईली सर्वांस मोफत खुल्या आहेत. त्या मागवून घेण्यास आणि त्यांचे चित्र करून पाहण्यास महाविद्यालयातील जुना संगणकही पुरतो. उणीव असली तर ती सवयीची आहे; काळ्या पडद्यावर एक ओळ टंकण्याचा संकोच, आणि टाचण न वाचता पुढे जाण्याची घाई.

ज्यास आरंभ करावयाचा असेल त्याने मूळ फाईली एका कप्प्यात ठेवून त्यांस कधीही हात लावू नये, चित्रे दुसऱ्या कप्प्यात करावीत, आणि टंकलेली प्रत्येक ओळ तारखेसह वहीत लिहावी. अल्गूलचे वेळापत्रक तर कोणालाही मांडता येते. एखाद्या रात्री अकरा वाजता तो अत्यंत मंद झाला, तर त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठला अकरा मिनिटे कमी असता तो पुन्हा तसाच होतो. त्याच्या पुढची पाळी दुपारी साडेचारनंतर, भर उन्हात येते व दिसत नाही. म्हणजे एका फेरीत संध्याकाळच्या सोयीच्या अशा दोनच वेळा मिळतात, आणि त्यांतली एक ढगांनी नेली तर उरते ती एकच.